सरदार सरोवराचे पुनर्वसन: नंदुरबारच्या वसाहतींची पारख

धरणासाठी गाव मागताना सरकार बदल्यात जे देऊ करते, तीसुद्धा सेवाच. फरक इतकाच की घेणाऱ्याला ती नाकारता येत नाही, आणि गाव एकदा पाण्याखाली गेले की परतीची वाट उरत नाही. म्हणून तिची पारख जास्त कडक व्हायला हवी. महाराष्ट्रात अशी पारख करायला नंदुरबारइतकी सामग्री क्वचितच दुसरीकडे मिळेल. गुजरातमध्ये नर्मदेवर बांधलेल्या सरदार सरोवर धरणामुळे राज्यातली 33 गावे बाधित झाली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या दोन तालुक्यांतली, सातपुड्याच्या नर्मदेकडच्या उतारावर वसलेली, भिल्ल आणि पावरा आदिवासींची. गावे उठायला लागली तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हताच. 1 जुलै 1998 पर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. त्यामुळे जुने कागद शोधणाऱ्याला आजही धुळ्याच्या दप्तरापर्यंत जावे लागते.

निष्कर्ष आधीच सांगून टाकू. कागदावरच्या अटींना पाचपैकी चार गुण. प्रत्यक्ष पुरवठ्याला दीड, आणि त्यातही बराच वाटा लोकांनी वर्षानुवर्षे लढून करून घेतलेल्या दुरुस्त्यांचा. बिघाडाचे मूळ शोधायला वाटपापर्यंत जावेच लागत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, मोजणीत आहे.

अटींपासून सुरुवात करू, कारण त्या खरोखर चांगल्या होत्या. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा डिसेंबर 1979 मध्ये राजपत्रात आला. ज्या कुटुंबाची 25 टक्क्यांहून जास्त जमीन जाणार, त्याला गेली तेवढी सिंचनयोग्य जमीन, कमाल धारणेच्या मर्यादेत, आणि काही झाले तरी 2 हेक्टरपेक्षा कमी नाही. खातेदाराचा प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब. घरासाठी 60 बाय 90 फुटांचा विनामूल्य भूखंड, म्हणजे साधारण पाच गुंठे. दर 100 कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा, दर 50 कुटुंबांमागे गुरांच्या हौदासह पिण्याच्या पाण्याची विहीर आणि झाडाला पार, दर 500 कुटुंबांमागे दवाखाना. जमीन आणि घरजागा बुडिताच्या एक वर्ष आधी तयार असली पाहिजे, आणि भरपाई व पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय महाराष्ट्र वा मध्य प्रदेशातला कोणताही भाग बुडवता येणार नाही. स्वतःच्या राज्यात राहायचे की गुजरातमध्ये जायचे, ही निवड कुटुंबाची, आणि खर्च गुजरातचा. 1979 साली देशात जमिनीला जमीन ही कल्पनाच बहुतेक प्रकल्पांना ठाऊक नव्हती. तिथे हे लेखी आणि बंधनकारक होते.

बारीक अक्षरातली एक अट मात्र फार कमी लोकांना सांगितली गेली. मिळणारी जमीन फुकट नव्हती. जुन्या जमिनीच्या भरपाईतली निम्मी रक्कम नव्या जमिनीच्या किमतीपोटी वळती व्हायची, आणि उरलेली किंमत 20 वार्षिक बिनव्याजी हप्त्यांत वसूल व्हायची. जुन्या डोंगरी जमिनीची भरपाई कवडीमोल आणि पठारावरची नवी जमीन महाग. हा फरक भरून काढण्यासाठी पुढे सरकारांना वेगळी अनुदाने द्यावी लागली. कोणत्याही प्रकल्पात जमीन देतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: तिची किंमत कुणाच्या खात्यातून, किती वर्षांत?

आता मोजणी. शासकीय आकड्यांनुसार महाराष्ट्रात या जलाशयाखाली 9,599 हेक्टर क्षेत्र जाते. त्यातले 1,519 हेक्टर शेतीचे, 6,488 हेक्टर वनाचे, आणि 1,592 हेक्टर नदीपात्र व इतर. हे तीन आकडे नीट वाचले की पुढच्या चाळीस वर्षांत काय काय चुकले ते जवळजवळ सगळे उमगते. जमिनीला जमीन हा नियम फक्त पहिल्या आकड्याला लागू होतो, आणि तो एकूण बुडिताच्या सहाव्या भागाहूनही कमी आहे.

सातपुड्यातले घर त्या 1,519 हेक्टरांवर कधीच जगत नव्हते. ते जगत होते तिन्हींवर. घराभोवती आणि उतारावर ज्वारी, मका, तूर, उडीद आणि बंटी, मोर ही भरडधान्ये यांची मिसळून पेरणी, पाणी उतरले की नदीकाठच्या गाळावर गाळपेर, त्यात टरबूज, भाजीपाला, कडधान्य, नदीत मासे, जंगलात मोहाची फुले, टोळंबी, चारोळी, तेंदूपाने, डिंक, बांबू, सागाची घरबांधणी, गुरांची चराई. शिवाय नेवाड, म्हणजे वनखात्याच्या नकाशात जंगल म्हणून रंगवलेली पण घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन. अक्राणीतली बरीच गावे तर वनगावेच होती. तिथे सातबारा नावाचा कागद पोचलाच नव्हता, मग खातेदार कुठून येणार? नेवाड कसणारा सरकारी यादीत ‘अतिक्रमणदार’ किंवा ‘भूमिहीन’ ठरला. भूमिहीनाला महाराष्ट्राने सुरुवातीला एक एकर देऊ केली, तीही राज्यातच राहणार असेल तर. गुजरातने त्याच वर्गाला 2 हेक्टर दिली. एकाच नदीकाठचे, सारखीच जमीन कसणारे दोन शेजारी, आणि मिळकत पाचपटीने वेगळी.

माणसांची मोजणीही अशीच. ‘सज्ञान मुलगा’ या शब्दप्रयोगाने मुली एका फटक्यात बाहेर राहिल्या. सज्ञान कोणत्या तारखेला धरायचा यावर वाद झाले, कारण भूसंपादनाची अधिसूचना आणि प्रत्यक्ष बुडीत यांत दहा-वीस वर्षे गेली. अधिसूचनेच्या वेळी पाळण्यात असलेला मुलगा पाणी दारात आले तेव्हा दोन लेकरांचा बाप होता, पण यादीत तो अज्ञानच. शेवटी 15 मार्च 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या विस्थापितांच्या प्रकरणात स्पष्ट केले की सज्ञान मुलगा हा किमान 2 हेक्टरचा स्वतंत्र हकदार आहे आणि तात्पुरत्या बुडितात येणारी कुटुंबेही विस्थापितच धरायची. निवाड्यातच असलेली गोष्ट पुन्हा वदवून घ्यायला 25 वर्षे लागली.

याद्यांतून एक नवा वर्ग तयार झाला: अघोषित. बुडितात घर किंवा शेत आहे, पण प्रकल्पग्रस्त म्हणून नाव जाहीर झालेले नाही, असा. याचे कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. सातपुड्यातले गाव एका जागी नसते. दोन टेकड्या आणि तीन ओढे ओलांडत पाडे पसरलेले असतात. बुडीत रेषा काढणारा तलांकाचे, म्हणजे पाण्याची उंची दाखवणारे दगड मुख्य पाड्याजवळ लावतो. आतल्या ओढ्यांतून पाणी किती मागे शिरेल, हे त्या दगडांवरून कळत नाही. मग घर रेषेच्या वर, शेत खाली. किंवा दोन्ही वर, पण पाड्याकडे जाणारी वाट खाली. पहिल्या प्रकारात नाव अर्धवट लागते, दुसऱ्यात लागतच नाही.

यादी अपुरी असली तरी धरण थांबत नव्हते. 1999 मध्ये भिंत 85 मीटरपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 ऑक्टोबर 2000 च्या बहुमताच्या निकालाने पुनर्वसनाच्या प्रगतीबरोबर उंची वाढवायला मुभा दिली. त्यानंतर 95, 100, 110.64 असे टप्पे आले आणि 2006 मध्ये 121.92 मीटर. जून 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरला. प्रत्येक टप्प्याआधी राज्याने ‘या उंचीखालचे पुनर्वसन पूर्ण’ असे कळवायचे असते. ते कळवले जायचे घोषित यादीवरून. यादीत नसलेला माणूस शिल्लक आहे हे त्या पत्राला दिसूच शकत नाही. सरकारी कागद खोटा नसतानाही घरात पाणी शिरते, ते असे.

महाराष्ट्राच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवायला हवी. राज्याने 2001 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली. पुनर्वसन अपुरे आहे हे तिने मान्य केले आणि त्यापुढे गावागावांत जाऊन, नर्मदा बचाव आंदोलनाच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन पडताळणी झाली. अघोषितांपैकी अनेकांची नावे त्यातूनच लागली. कार्यालयात बसून जे वर्षांनुवर्षे सुटले नव्हते, ते पाड्यावर जाऊन, शेजाऱ्यांसमोर बांध दाखवून सुटले. संपूर्ण व्यवस्थेत नक्कल करण्याजोगी पद्धत ही एवढीच.

वसाहतींकडे वळू. महाराष्ट्राकडे खासगी लाभक्षेत्रातली जमीन देण्याची तयारी नव्हती, म्हणून शेजारच्या तळोदा तालुक्यातले जंगल उघडण्यात आले. 1990 मध्ये सुमारे 2,700 हेक्टर आणि 1994 मध्ये आणखी 1,500 हेक्टर वनजमीन केंद्राने मोकळी केली. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. मणिबेलीसारख्या गावांतली काही कुटुंबे गुजरातमध्ये परवेट्याला गेली. म्हणजे एका धरणाने नदीकाठचे जंगल बुडवले आणि त्याच धरणाच्या पुनर्वसनाने पठारावरचे जंगल तोडले. ते जंगलही रिकामे नव्हते. तळोद्यातले आदिवासी तिथे कसत होते, गुरे चारत होते, सरपण आणत होते. नवे येणार म्हणून जुन्यांना उठवले गेले, आणि आदिवासीविरुद्ध आदिवासी असा झगडा उभा राहिला. यजमान गावाची मोजणी कोणत्याच यादीत नव्हती. हा दोष सगळ्यात गंभीर मानावा लागतो, कारण दोन्हीकडच्या माणसांना तो रोज भोगावा लागतो.

जमिनीचा दर्जा सरसकट वाईट नाही. तळोदा तापीच्या बाजूचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा आहे आणि ज्यांच्या वाट्याला चांगला तुकडा व पाणी आले त्यांची शेती उभी राहिली. पण जंगल तोडून काढलेली जमीन एकसारखी नसते. एका गटात काळी माती, शेजारच्यात मुरूम, पुढच्यात पावसाळ्यात चिबडणारा खोलगट भाग. वाटप क्षेत्रफळावर झाले, प्रतीवर नाही. आणि ‘सिंचनयोग्य’ या शब्दातले सिंचन सगळ्यांच्या बांधापर्यंत पोचले नाही. पाण्याशिवाय 2 हेक्टर मुरमाड जमीन म्हणजे पावसाळी एक पीक.

पीकपद्धतीचा धक्का याहून मोठा. डोंगरात बियाणे घरचे, खत गुरांचे, नांगर शेजारचा. पाऊस लांबला तर ज्वारी जाते पण बंटी तरते, आणि काहीच तरले नाही तर मोह आहे. पठारावर कापूस आणि मिरची: बियाणे विकत, खत-औषध विकत, मजुरी रोख. पहिल्याच वर्षी उधारी होते. पाच गुंठ्यांच्या ओळीतल्या भूखंडात गुरांना जागा नाही आणि चराईला रान नाही, म्हणून गुरे विकली जातात. गुरे गेली की शेणखत जाते, आणि खताचा खर्च वाढतो. सरपणासाठी बायकांना दूर जावे लागते, आणि जवळचे उरलेले रान यजमान गावाचे. निवाड्यात शाळा, विहीर, पार सगळे मोजून दिले होते. चराई, सरपण आणि गौण वनोपज यांना मात्र त्यात कुठे रकानाच नव्हता.

जे उठले नाहीत, त्यांची स्थिती वेगळी. काही पाडे चहूबाजूंनी पाण्याने वेढून टापू झाले. पूर्वी खाली उतरून काठाकाठाने चालत जायचे ते आता बोटीने जायचे, आणि पावसाळ्यात वरचा डोंगररस्ता बंद. दवाखान्याची बोट आहे, पण बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण बोटीच्या वेळापत्रकाने येत नाही. अशा पाड्यांना प्रकल्पग्रस्त धरायचे की नाही, या प्रश्नाला बुडीत रेषा हे चुकीचे माप आहे. दळणवळण तुटले का, हे माप लावायला हवे.

तक्रारीची व्यवस्था: 2000 पासून महाराष्ट्रात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण आहे. असणे चांगलेच, पण ते कागद मागते, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याचीच तर तक्रार असते. तिथे उपयोगी पडलेले पुरावे कोणते हे नोंदवून ठेवतो: वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, मतदार यादीतील नाव, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, घराच्या जोत्याचा पंचनामा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब. दंडाच्या पावत्या तर जपून ठेवाव्यातच. अतिक्रमण म्हणून भरलेला दंड हाच त्या जमिनीवर त्या साली कोण होते याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा.

आज ज्यांच्यासमोर एखाद्या नव्या प्रकल्पाचे पॅकेज ठेवले जात आहे, त्यांनी ते नंदुरबारशी ताडून पाहावे. आता लागू असलेला 2013 चा भूसंपादन कायदा माणसे मोजण्यात लवादापेक्षा सरस आहे. सज्ञान स्त्री असो वा पुरुष, दोघेही स्वतंत्र कुटुंब; विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता स्वतंत्र; आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे हक्क गमावणारा आदिवासीही बाधित कुटुंबात येतो. जमिनीच्या बाबतीत मात्र तो मागे गेला आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला गेलेली जमीन किंवा अडीच एकर, यांतले जे कमी असेल ते. लवादाची तळरेषा पाच एकर होती. लवादाने जमीन बुडिताच्या वर्षभर आधी मागितली होती. नवा कायदा सिंचन व जलविद्युत प्रकल्पांत पुनर्वसन सहा महिने आधी पूर्ण करायला सांगतो.

क्रम असा ठेवावा. प्राथमिक अधिसूचना निघाली की 60 दिवसांत लेखी हरकत, आणि तिची पोच घ्यायची. त्याच्याही आधी वनहक्काचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे ग्रामसभेत दाखल झालेले हवेत, कारण दावा मान्य नसेल तर नेवाड पुन्हा शून्य धरली जाते. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून उठवता येत नाही, हे त्या कायद्याच्या कलम 4(5) मध्ये आहे. संयुक्त मोजणीच्या दिवशी प्रत्येक पाड्याची माणसे हजर हवीत. झाडे, विहीर, गोठा, जोते यांची नोंद मोजणीपत्रकात झाल्याशिवाय अंगठा देऊ नये. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती लागते, म्हणून कोऱ्या हजेरीपटावर सह्या कधीच करायच्या नाहीत. ठरावाचा मजकूर आधी, सह्या नंतर, आणि प्रत गावात. देऊ केलेली जमीन पावसाळ्यात एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा पाहायची: पहिल्या फेरीत चिबड दिसते, दुसऱ्या फेरीत विहिरीची खरी पातळी. त्या जमिनीवर सध्या कोण कसतो हे शेजारच्या गावात जाऊन विचारायचे. ताब्याबरोबर सातबारा नावावर झाला का, भोगवटादार वर्ग कोणता, आणि पत्नीचे नाव लागले का, हे तपासायचे. भूसंपादनाच्या भरपाईचा निवाडा मान्य नसेल तर तो जाहीर होताना हजर असलेल्याला सहा आठवड्यांत संदर्भ अर्ज, म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अर्ज, करावा लागतो. ही मुदत चुकवणारे फार आहेत.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला जिल्हा पुनर्वसन कार्यालयातून लगेच काढून घ्यावा. गट क आणि ड च्या सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि एका कुटुंबात तो दाखला कुणाच्या नावे काढायचा हे घरात बसून ठरवायचे असते.

जुन्या विस्थापितांसाठी अजून दोन दारे उघडी आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(m) नुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वी पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क न देता उठवलेल्या आदिवासींना पर्यायी जमिनीसह पुनर्वसन मागता येते. दावे करणाऱ्यांच्या अर्जांत या पोटकलमाचा उल्लेख क्वचित असतो, तो करावा. दुसरे, मासेमारी. जलाशयाखाली ज्यांची गाळपेर आणि नदी गेली, त्यांचाच त्या पाण्यावर पहिला हक्क असायला हवा, आणि 2013 च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही बाधितांना मासेमारीचा हक्क देण्याची तरतूद आहे. नर्मदेच्या महाराष्ट्राकडील काठावर विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत. संस्था नोंदवताना सभासद फक्त बुडितातल्या गावांचेच राहतील अशी अट उपविधीत घालावी, नाहीतर बाहेरचा ठेकेदार सभासदांच्या नावाने आत येतो आणि मासा त्याच्या दराने विकला जातो.